उरुसाच्या वाटेवर

बिब्बा जळल्याचा वास आला की छप्पन-सत्तावनचा तो उन्हाळा आठवतो. माझे तळपाय सारखे जळायचे, बाबांचेही तसेच. संध्याकाळी आम्ही दोघं एकाच घमेल्यातल्या पाण्यात पाय सोडून बसायचो. एकदा ते म्हणाले, "चाल पोरी, मंगरूळपीरले उरूस पाहू." मला खांद्यावर घेऊन निघाले आणि वाटेत वैदूच्या पालाशी थांबले. वैदूनं तापल्या बिब्ब्याचे चटके माझ्या तळव्यांना दिले, तेव्हा पाय बाबांनीच आवळून धरले होते. मग ते विहिरीवर पाय धुवायला बसले, तर त्यांच्या तळव्यांवर तसेच जुने काळे डाग. "तुमची आग थांबली का याच्यानं?" मी हुंदके देत विचारलं. "नाही," ते म्हणाले. आग त्यांच्या रक्तातून आली, तिचा राग नाही. पण उरुसाचं नाव निघालं की आजही मी पाय पोटाशी ओढून घेते.