यान्बूच्या डोंगरातला पिंजरा

चोरीला गेलेलं लोखंड मला सापडलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. माझ्या अहवालात ‘शोध घेतला, माल मिळून आला नाही’ असं लिहिलं आहे आणि खाली माझी सही आहे. नोकरीतल्या कितीतरी गोष्टी पुसट झाल्या, ही काही होत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या ठाण्यांत बरीच वर्षं काढून मी पोलीस खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि सौदीत यान्बूच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो. काही महिन्यांतच कुवेतचं प्रकरण पेटलं. लढाई आमच्यापासून लांब होती, पण तेलाच्या टाक्या म्हटल्यावर सगळ्यांचे धाबे दणाणलेले. खोल्यांच्या काचांना चिकटपट्ट्या, कॅम्पात गॅसचे मुखवटे, गेटवर दुहेरी पहारा. माझ्या सहीच्या पासाशिवाय खिळासुद्धा बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा हुकूम होता.

अशा दिवसांत वर्कशॉपमागच्या भंगारातून जाड सळया आणि अँगल गायब झाले. वरिष्ठ म्हणाले, “घातपाताचा प्रकार असू शकतो. तू शोध, नाहीतर मी इथल्या पोलिसांना बोलावतो.” त्यांना बोलावलं असतं तर परदेशी कामगाराचं काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

खबर मेसच्या स्वयंपाक्याने दिली. “साब, आपका कोकणवाला मिस्त्री हर जुम्मे को टँकर में बैठके पहाड जाता है. खाली हाथ नहीं जाता.” डोंगरपायथ्याच्या रस्त्याच्या कामावर आमचा पाण्याचा टँकर जायचा. गेटवर आम्ही टँकरची टाकी ठोकून बघायचो. तिच्याखाली वाकून कुणीच बघत नव्हतं. म्हणजे माल माझ्याच नाकाखालून गेला होता.

मिस्त्री दापोलीकडचा, खाडीकाठच्या गावातला मुसलमान, वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला ऑफिसात बोलावलं आणि चहा मागवला. आमच्या कामाचा एक नियम असतो, जे विचारायचं ते आधी विचारायचं नाही. मी गावची चौकशी केली, मासळीची केली. गडी हात टेबलावर मोकळे ठेवून बसला होता. चोर सहसा असा बसत नाही.

“मिस्त्री, पिंप बनवलंस की पाइप? बाँबचा संशय आहे तुझ्यावर.”

“या अल्ला! बाँब?” तो उडालाच. “पिंजरा केलाय, साहेब. भंगार होतं म्हणून उचललं. विचारायला हवं होतं, चुकलं माझं.”

“उंदरांचा?”

“मस्करी करू नका. वाघाचा! दार असं बसवलंय की पडताना शेपूट नाय अडकायची.”

तिथेच मला उलगडा झाला. घातपात करणारा माणूस जनावराच्या शेपटीची काळजी करत नाही.

कोकणात बिबट्यालाही वाघच म्हणतात. यान्बूमागच्या डोंगरांत अरबी बिबटे होते. फार थोडे उरले होते, दिसणं तर दुर्मीळच. मिस्त्री सुट्टीला ज्या बदू, म्हणजे शेळ्या-उंटांवर जगणाऱ्या अरब टोळीतल्या, म्हाताऱ्याकडे बकरीचं दूध प्यायला जायचा, त्याच्या शेळ्या एक बिबट्या नेत होता. मिस्त्रीला आपला गाव आठवला. त्याच्या गावात बिबट्या शिरला तेव्हा फॉरेस्टवाल्यांनी पिंजरा लावला, धरला आणि लांबच्या जंगलात नेऊन सोडला. पिंजरा म्हणजे जनावराची सुटका, एवढंच त्याला ठाऊक.

“इथे फॉरेस्टवाले कुठायत, मिस्त्री?” मी म्हणालो. टँकरवाल्यांकडून मी ऐकलं होतं ते त्याला सांगितलं. इथे बिबट्या मारून रस्त्याकडेच्या बाभळीला टांगतात, येणारे-जाणारे बघून शाबासकी देतात.

त्याचा चेहरा उतरला. कप तसाच ठेवून तो उभा राहिला. “साहेब, सकाळीच टँकरवाल्यानं निरोप आणलाय. सापडलाय तो. चला. मला मग जेलात टाका, पण आधी चला.”

मी गस्तीची जीप काढली.

पिंजरा एका घळीच्या तोंडाशी होता. आत बिबट्या, आपल्याकडच्यापेक्षा लहान, उन्हात वाळलेल्या गवताच्या रंगाचा. गुरगुरत नव्हता. आमच्याकडे न बघता आमच्यामागच्या कड्याकडे बघत होता. मी पुष्कळ कोठड्या बघितल्या, पण आतल्याने असं बाहेरच्याला मोजणीतच न धरणं कधी बघितलं नाही. जुनी बंदूक मांडीवर घेऊन म्हातारा शेजारी बसला होता. भाऊबंद आले की गोळी घालायची होती.

मिस्त्रीने मोडक्यातोडक्या अरबीत विनवणी सुरू केली. म्हातारा हसला. “तुझ्या मुलखात लांडग्यालाही जेवायला बोलावतात का? याने माझ्या शेळ्या खाल्ल्या, तुझ्या नाही.”

“सगळं कबूल, बाबा. पण तो शिरतो कुठून?” मिस्त्रीने विचारलं.

म्हाताऱ्याने गोठा दाखवला. दगडी भिंती छातीएवढ्या, वर आभाळ. बिबट्या भिंतीवरून उडी मारायचा.

“मग वरून बंद करू,” मिस्त्री म्हणाला. “पिंजऱ्याचं दार गोठ्याला लावतो, सळया आडव्या टाकतो. वर जाळी हवी.” आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

जाळी कारखान्यात पडून होती. मी म्हणालो, “जाळी मी आणतो. पुढच्या शुक्रवारी.”

म्हाताऱ्याने माझी वर्दी खालपासून वरपर्यंत न्याहाळली. “शब्द?”

“शब्द.”

“खलास,” म्हणजे ठरलं, असं म्हणून तो उठला. आम्हाला जीपमध्ये बसवलं, स्वतः खडकावर चढून दोरीने दार ओढलं. बिबट्या बाहेर आला, क्षणभर थांबला आणि कड्यावर असा चढला की पाहताना मी श्वास घ्यायला विसरलो. मिस्त्री जीपमध्ये रडत होता आणि हसत होता. म्हातारा मात्र दोरी गुंडाळत होता. उपजीविका त्याची होती आणि ती त्याने एका परक्या माणसाच्या शब्दावर सोडली होती.

मिस्त्रीने त्याच दिवशी दार गोठ्याला बसवलं, सळया आडव्या टाकल्या. जाळीचं छप्पर तेवढं राहिलं.

परतल्यावर मी मिस्त्रीला वाचवायला खोटा अहवाल लिहिला. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण त्याच आठवड्यात तिकडे इराकवर बाँबफेक सुरू झाली, सुट्ट्या रद्द झाल्या, गेट बंद झालं. पुढे गेट उघडलं, तरी जाळी बाहेर काढायची तर पासावर माझी सही लागणार, कशासाठी म्हणून विचारणा होणार आणि सगळं प्रकरण उकरलं जाणार. मिस्त्री विचारायचा, “साहेब, जाळीचं?” मी म्हणायचो, “बघू.” इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, मला जास्त काळजी होती, हे खरं आहे.

एकदा टँकरवाल्याने निरोप आणला. बिबट्या पुन्हा भिंतीवरून आला होता, दोन शेळ्या गेल्या. म्हाताऱ्याने बंदूक उचलली नाही. म्हणाला, त्या वर्दीवाल्याशी ठरलंय, तो जाळी आणेल. मिस्त्री शेजारीच उभा होता. त्यानंतर त्याने मला कधी विचारलं नाही.

करार संपल्यावर मी धाहरानमार्गे निघून आलो, डोंगराकडे न जाता. लोकांचे जबाब घेण्यात माझी हयात गेली. समोरचा खोटं कधी बोलतो हे मला चटकन कळायचं. पण दिलेल्या शब्दावर एखादा माणूस पदरचं नुकसान सोसून किती काळ उभा राहू शकतो, हे मला त्या म्हाताऱ्यामुळे कळलं. डोंगरातलं ते जनावर जगलं असेल तर त्याच्यामुळे आणि मिस्त्रीमुळे. माझ्यामुळे नाही.

त्या गोठ्याचं छप्पर मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.