एक कोपरा, न धुतलेला

"रंग कसला?"

फोनवर हा त्यांचा पहिला प्रश्न असे. नमस्कार नाही, कोण बोलतंय नाही. वाचनालयातल्या 'शांतता राखा' या पाटीखाली उभे राहून, डावा हात वर करून ते आधी आम्हाला गप्प करत आणि मग पलीकडच्या माणसाला विचारत, "रंग कसला? पातळ हाय का चिकट? रक्त पडतंय?" पेपर वाचायला बसलेली निवृत्त मंडळी लगेच नाकाला रुमाल लावत. फोनमधून वास येतो हा शोध जगात प्रथम आमच्या वाचनालयात लागला.

मी तिथला ग्रंथपाल. ते निवृत्त पशुवैद्य, दोन घरं सोडून राहणारे. असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. तो उपयोगाचा आहे हे सगळ्यांना मान्य असतं, फक्त पंगतीत त्याचं पान आपल्या पानाशेजारी मांडलं जाऊ नये एवढीच प्रत्येकाची नम्र इच्छा असते. कोल्हापुरात म्हशीला हाक मारताच डॉक्टर मिळतो. केसाळ कुत्र्याला तर गार हवेचा दवाखाना मिळतो. डुकराला हे एकटे होते. ते उठून गेले की गल्लीत खुर्ची पुसली जाई. पुसणाऱ्यांपैकी काही जण वर्षातून दोनदा गोव्याला जात आणि तिथे ताटात काय वाढून घेतलं होतं ते गोव्यातच ठेवून परत येत.

एकदा त्यांनी माझ्यापुढे हाताने लिहिलेले चार कागद ठेवले. डुकरांच्या पिल्लांना हगवण का लागते, ती कशी ओळखायची आणि काय करायचं, याचं माहितीपत्रक छापायचं होतं. भाषा तपासा म्हणाले. मी लाल पेन घेतला आणि जिथे जिथे 'हगवण' होतं तिथे तिथे 'अतिसार' केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझे सगळे अतिसार खोडून कागद परत आणले.

"सर, अतिसार पेन्शनरांना होतो. हे वाचणारी बाई गोठ्यात उभी असणार हाय. तुम्ही कधी बघितलीय का हगवण?"

मी कबूल केलं की या विषयातलं माझं वाचनही नव्हतं. म्हणून त्यांनी मला चंदगडला नेलं.

तिकडे एका शेतकरी घरातल्या सुनेनं काजूच्या बागेच्या कडेला पांढऱ्या डुकरांची शेड टाकली होती. गोव्याची गिऱ्हाइकं जवळ, हा तिचा हिशेब. घराण्याची अब्रू त्याहून जवळ, हा तिच्या दिराचा. या खेपेची पिल्लं जगली नाहीत तर शेड मोडून तिथे काजू वाळवायचे, असं दिरानं चार माणसांत सांगून ठेवलं होतं. मादी व्याली, अकरा पिल्लं झाली आणि दुसऱ्याच दिवशी हगवण लागली. तिनं फोनवर रंग सांगितला, पांढुरका पिवळा, पाण्यासारखा. आम्ही एसटीनं पोचेपर्यंत तीन पिल्लं गेली होती.

शेड बघून मी थक्क झालो. आमच्या वाचनालयाची फरशी इतकी स्वच्छ कधी नसते. जमीन घासून धुतलेली, मादीला अंघोळ, पिल्लांना अंघोळ आणि दारात उदबत्ती. मी कौतुकानं डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"धुतलंसा काय, वैनी?"

"व्हय की. डॉक्टरसायेब येणार, संगं पावणं येणार. घाणीत कसं बसवायचं?"

आठ पिल्लं ओल्या फरशीवर एकमेकांना चिकटून कुडकुडत होती. डोळे खोल गेलेले, शेपटीखालचा भाग चिकट. आमच्या सन्मानार्थ हे सगळं झालं होतं. पाहुण्याच्या पायाखाली काय असावं याची काळजी आपल्याकडे फार. पिल्लाच्या पोटाखाली काय असावं हे विचारायला मात्र कोल्हापूरहून माणूस यावा लागतो.

डॉक्टर तिला रागावले नाहीत. एक बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि सांगू लागले. व्यायच्या आधी जागा धुवायची, चुना मारायचा, नीट सुकू द्यायची. व्याल्यावर पाणी नको. गारठलेलं पिल्लू नीट दूध ओढत नाही, आणि पहिल्या दिवसाचं चीकदूध पोटात गेलं नाही की घाणीतला जंतू त्याला आडवा करतो. बोलता बोलता त्यांनी एकेक पिल्लू सुक्या पोत्यानं पुसायला घेतलं. तिला बल्ब टांगायला सांगितला, भाताचं काड अंथरायला सांगितलं, मादीची सडं कोमट फडक्यानं पुसून कोरडी करायला लावली. मला क्षारांची पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायला बसवलं.

"आता ह्यातलं एक हगेपर्यंत थांबायचं," ते म्हणाले. "बघायचं ते तुम्ही मोरीत घालवलंय."

मग ते, ती आणि एम. ए. झालेला मी, असे तिघं जण पाऊण तास आठ पिल्लांच्या मागच्या बाजूकडे बघत बसलो. इतक्या एकाग्रतेनं मी परीक्षेचा पेपरही लिहिलेला नाही. वाट बघताना ते शिकवत होते. पहिल्या दिवसांत असा रंग म्हणजे बहुतेक जंतू. दुसऱ्या आठवड्यात लोण्यासारखं घट्टसर पडलं तर आतड्यातले परजीवी, त्यांचं औषध वेगळं. मोठ्या डुकराच्या हगवणीत रक्त आणि शेंबडासारखं काही दिसलं तर थांबायचं नाही. लहानमोठी सगळीच एकदम ओकायला आणि हगायला लागली, तर दुसऱ्या शेडमध्ये पायसुद्धा टाकायचा नाही आणि डॉक्टर बोलवायचा. रंग न बघता दुकानातून मागितलेली गोळी पिल्लापेक्षा दुकानदाराला जास्त लागू पडते.

अखेर एका पिल्लानं आमच्यावर कृपा केली. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, मान हलवली आणि वजनाच्या अंदाजानं प्रत्येकाच्या तोंडात औषध सोडलं. दीर बांधावर उभा होता. चहा इथेच शेडमध्ये घेऊ या का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर त्याला अचानक काजूचं काम आठवलं.

निघताना ते तिला म्हणाले, "वैनी, हितनं पुढं मी येणार म्हणून काय धुवायचं न्हाई. एक कोपरा माझ्यासाठी तसाच ठेवायचा."

एक पिल्लू त्या रात्रीत गेलं. सात जगली. शेड राहिली.

डॉक्टर गेल्या पावसाळ्यात गेले. गल्लीनं वाचनालयात शोकसभा घेतली. खुर्च्या पुसणारे सगळे बोलले. मुक्या जिवांचे कैवारी, भूतदयेचे उपासक, असं बरंच काही ते होते असं समजलं. तासाभरात कुणाच्याही तोंडून 'डुक्कर' हा शब्द निघाला नाही. शेवटी मी उभा राहिलो. लाल पेनवाल्या माणसाकडून होते तशीच चूक झाली. मी 'पशुसेवा' म्हणालो आणि खाली बसलो.

त्यानंतर मी माहितीपत्रक छापून घेतलं. 'हगवण' तशीच ठेवली. गठ्ठा घेऊन चंदगडला गेलो, तर तिची मादी पुन्हा व्यालेली होती. नऊ पिल्लं, त्यातली दोन सकाळपासून पातळ हगत होती. डॉक्टर गेल्याचं तिला कळलं होतं. शेड कोरडी होती, बल्ब लागलेला होता. फक्त दाराजवळचा एक कोपरा न झाडलेला, आणि त्याच्याशेजारी बादली उपडी घातलेली.

"ते तर आता येणार न्हाईत," मी म्हणालो.

"ठावं हाय की. पर कोण का येईना, त्याला बघाय नगो?"

मी सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांना फोन लावला आणि बादलीवर बसलो. खिशातला रुमाल खिशातच ठेवून खाली वाकलो. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं. नमस्कार करायचं राहून गेलं. मी आधी रंग सांगितला.