सुतकाच्या दारातला कोलम

अंबुआत्या गेली, हे मला चेन्नईत, शोळिंगनल्लूरला ऑफिसच्या लिफ्टमध्ये कळलं. बाबांचा फोन होता. "अंबू गेली," एवढंच म्हणाले... मग थोडं थांबून, "सकाळी दारातच पडली. हातात पिठाची करवंटी होती." म्हणजे कोलम घालता घालता. आपल्याकडे रांगोळी म्हणतात तीच, पण तांदळाच्या पिठाची. आधी ठिपके टाकायचे, मग त्यांच्याभोवती वळत जाणारी रेघ.

आमचं घराणं तंजावरच्या मराठी लोकांचं, देवधर्म कडक. आत्या शाळेत गणित शिकवायची. नवरा गेल्यावर काही वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतला. कुणी फसवलं, कुणी आमिष दाखवलं, असं घरात पुष्कळ बोललं गेलं. तिला फसवणं सोपं होतं, असं म्हणणाऱ्यांनी तिच्याकडून एकदा गणित शिकायला हवं होतं. बाबांनी तिच्या घरी जाणं सोडलं. मी मात्र शाळेच्या सुट्टीत हट्टानं जायचे, आणि सकाळी तिच्याशेजारी उकिडवी बसायचे. आत्या प्रत्येक ठिपका टाकताना काहीतरी पुटपुटायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "एकेक माणूस त्याच्यापुढं ठेवते गं, सुधे. अस्कं, सगळं सगळं ठाऊक आहे येशूला. पण माझ्या तोंडून ऐकायला हवं त्याला." कधी ती त्याच्याशी चक्क भांडायची. शेजारची मुलगी तापानं गेली, तेव्हा कित्येक दिवस तिचा आवाज चढलेला असायचा. पण कोलम चुकला नाही. रागावलं म्हणून बोलणं टाकायचं नाही, असं तिचं होतं.

चर्चमधल्या लोकांना हे खपलं नाही. कोलम हा जुन्या देवांचा, तो सोडा, असं सॅम्युएल अय्यांनी सांगितलं. चर्चमध्ये त्यांचा शब्द चालायचा. आत्यानं एका उपासकाळापुरता तो सोडूनही पाहिला. "पलंगावर डोळे मिटून बसले," ती मला म्हणाली, "आणि घोरायला लागले. अय्यांना सांगितलं, दारात बसले की तो येतो, पलंगावर झोप येते. मी कुठं बसू, तुम्हीच सांगा." अय्यांनी सांगितलं नाही, बायकांची प्रार्थनासभा मात्र तिच्याकडून काढून घेतली. ती दर रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसत राहिली. तिला तिथून कोण उठवणार होतं?

मी वेळाचेरीला तिच्या घरी पोचले, तेव्हा अंगणात ठिपके तसेच होते. रेघ एकही नव्हती. बाबा कितीतरी वर्षांनी त्या दारात उभे होते आणि कामवाल्या बाईला पाणी ओतायला सांगत होते. "मेल्या घरी कोलम ठेवत नाहीत," ते म्हणाले. सॅम्युएल अय्याही तिथंच होते. "ख्रिस्ती बहिणीची पेटी याच्यावरून नेणं बरं दिसत नाही," ते म्हणाले, "पुसून टाका." इतकी वर्षं तिच्यावरून एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोन माणसं... त्या दिवशी त्यांचं एकमत झालं. माझं डोकंच फिरलं. मी बाईच्या हातातली बादली काढून घेतली.

"ती अर्ध्यात उठायची नाही," मी म्हणाले. "ती बोलत होती. मध्येच गेली."

करवंटी उंबऱ्याशी पडली होती, तळाला थोडं पीठ होतं. मी ऑफिसच्या कपड्यांतच उकिडवी बसले. कुठला ठिपका कोणाचा, मला ठाऊक नव्हतं. माझा होता, शेजारच्या मुलीच्या आईचा असणार, अय्यांचाही असणार. बाबांना मी मान वर न करताच सांगितलं, "यात तुमचाही आहे. रोज असायचा." माझी रेघ वाकडी जात होती, पण एकही ठिपका मी बाहेर सोडला नाही. पेटी निघाली तेव्हा पुढच्या बाजूला बाबांनी खांदा दिला होता. कोलमापाशी ते थांबले, आणि भिंतीला अंग घासत कडेनं गेले. मागून अय्याही तसेच गेले.

ती करवंटी आता माझ्या फ्लॅटच्या दाराशी असते. मी ख्रिस्ती नाही आणि आत्यानं मला कधी 'हो' असं म्हटलंही नाही. तिच्या येशूशी काय बोलायचं, हेही मला धड कळत नाही. तरी रोज सकाळी उकिडवी बसते. लिफ्टसमोर पीठ सांडतं, मुंग्या येतात, अशी सोसायटीकडून दोनदा तक्रार आली. येऊ देत. पहिला ठिपका टाकते आणि म्हणते, "अंबूची भाची आहे. ऐक."