खांद्याची मुदत

हे मी मायले सांगतलं नाही, बहिणीले नाही, देवापुढंही कधी उच्चारलं नाही. आज तुमच्यापाशी बोलून राह्यली — काहून, ते मलेही धड समजत नाही.

आमचे हे शंकरपटात, बैलाईच्या शर्यतीत, जोडी हाकत. धुरकरी म्हणून राळेगावपासून नेरपरेंत नाव होतं. हिवाळा लागला की ह्याईचा घरात पाय ठरत नव्हता. आज या गावचा पट, उद्या त्या गावचा — अन् मी घरी, वाट पाहात. एका पटात बैल बिथरले. कासरा मनगटाले गुंडाळलेला, हे फरफटत गेले. जीव वाचला, पण उजवा हात वर होईना.

यवतमाळले तपासणी झाली. रिपोर्ट आणाले एसटीनं मी एकटीच गेलती, ह्याईले गाडीचे धक्के सोसत नव्हते. डॉक्टरनं नीट समजावलं. खांद्यातला स्नायू हाडापासून तुटला आहे. दीड महिन्याच्या आत ऑपरेशन करून बसवला तर हात पहिल्यासारखा. उशीर केला तर तो मागं आखडते, सुकते, मग ओढूनही हाडापरेंत येत नाही. ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं. अडचण कायचीच नव्हती.

हात पहिल्यासारखा — म्हणजे पुन्हा पट. एसटीत डोक्यात हेच. घरी आली तर ह्याईनं विचारलं, "काय म्हणते डॉक्टर?"

मी म्हटलं, "घाई नाही म्हणते. आधी शेका, तेल लावा. पावसाळ्यात पाहू."

इतकं सोपं असते? हो, असते. मी रोज तेल लावून देत होती — अन् दीड महिना कधी सरते ते पाहात होती.

पावसाळ्यात मी मुद्दाम दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, अमरावतीले. त्यानं हात टेकले. "इतके दिवस काय करत होते?" ह्याईनं माह्याकडं पाह्यलं. मग म्हणाले, "माहाच आळस, साहेब." मी बाजूलेच उभी. तव्हा तरी बोलाले पाह्यजे होतं ना? नाही बोलली. वाटेत एवढंच म्हणाले, "तुह्या ऐकण्यात चूक झाली असन. जाऊ दे." मी मान हलवली.

भीतीपायी केलं, असं म्हणून सुटता येते. भीती होतीच. पण मले हे जिते पाह्यजे होते, त्याहून जास्त घरी पाह्यजे होते. अन् आता घरी आहेत. हिवाळ्यात तुरीच्या शेंगा उकडतो, अंगणात बसून खातो. माह्या खोड्या काढतात. ह्याईचे केस मीच विंचरून देते. लग्नाले वीस वर्षं झाली, पण संसार मले आत्ता भेटला. खोटं कायले बोलू — मी सुखात आहे.

परवा गावच्या पटात ह्याईले मानाच्या खुर्चीवर बसवलं. मी शेजारी. जोडी सुटली तसा ह्याईचा उजवा हात आपसूक उठला — छातीपरेंत आला अन् तिथंच थांबला. ह्याईनं तो डाव्या हातानं धरून हळूच मांडीवर ठेवला, माह्याकडं पाहून हसले. मीही हसली. अन् मले बरं वाटलं.