घडीची रेघ

कोऱ्या पॉपलिनवर गरम इस्त्री फिरली की तो वास मला मावला गावातल्या शिवणाच्या दुकानात नेतो. तिथं मी एका बाईंच्या हाताखाली नुकतीच कटिंग शिकत होते. एका दुपारी एक शिक्षिका आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आल्या. आई तरुणपणी वांकिडीकडं दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायची, तेव्हा मालकिणीच्या रद्दीतून तिनं ब्लाउजचं एक चित्र उचललं होतं. शाईनं काढलेली लांब मानेची बाई, फुग्याची बाही. जुना कागद फाटू नये म्हणून लेकीनं त्याची झेरॉक्स आणली होती. "नातीच्या लग्नात हेच घालीन म्हन्ते," आजी म्हणाली. दुकानाच्या बाईंनी काम माझ्याकडं दिलं. चित्रात छातीवरून एक आडवी काळी रेघ जात होती. मी ती जोडाची शिलाई समजले, कापड तिथंच कापलं आणि जोडलं. ब्लाउज घालून आजी आरशासमोर उभी राहिली. तिचं बोट जोडावर थांबलं. "हे काऊन केलं वं पोरी? हे तं घडीची रेघ होय. इतके वर्सं मीच कागद दुमडून ठेवला." माझा चेहरा उतरला. बाई उसवायला पुढं झाल्या, तर आजीनं जोडावर तळहात ठेवला. "राहू द्या. माह्यापाशी चित्र असंच होतं." आता गिऱ्हाइकं मोबाइलवर डिझाइन दाखवतात. त्याला घडी नसते, तरी कात्री लावण्याआधी माझं बोट काचेवरून एकदा फिरतंच.