लाल चिंधीची मोळी

आमच्या पुंडलिकनगरच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत, फायलींतच साचतात! काम साधं. गावोगावी कमी लाकूड खाणाऱ्या चुली वाटायच्या, किती धूर वाचला ते मोजायचं आणि त्याचे कार्बन क्रेडिट, म्हणजे धूर वाचवल्याचे दाखले, कंपन्यांना विकायचे. आकड्यांखाली सही माझी. लग्नाला चार महिने झाले, नोकरीला तीन. दोन्हीकडं मी फार बोलत नाही, नुसती बघते.

*

गंगापूरजवळच्या एका चुलीचा उष्णता मोजणारा सेन्सर सांगायचा, रोज दुपारी बारा ते चार सलग स्वयंपाक! तोही मे महिन्यात!

"मोठं कुटुंब असेल," सर म्हणाले.

मी जाऊन बघितलं. चूल उन्हात तापलेल्या पत्र्यावर होती, कुरडयांचं कापड उडू नये म्हणून ठेवलेली.

"वजनाला लई भारी हाय बघा," काकू कौतुकानं म्हणाल्या.

*

शेजारच्या घरी विचारलं, "चूल रोज वापरता?"

"व्हय."

"शेवटची कधी पेटवली?"

"तुमचे साहेब फोटो काढाया आलते ना, तवाच!"

*

मग लाकडाचं वजन. प्रत्येक घरी दिवसाची मोळी काट्याला लावून फोटो काढायचा. सगळीकडं चार किलो! फोटो मोठे करून बघितले, तर प्रत्येक मोळीला तीच पांढऱ्या ठिपक्यांची लाल चिंधी.

"मॅडम, असल्या चिंध्या घरोघरी असतात," सर्व्हे करणारे रंगनाथभाऊ म्हणाले.

"आणि हे वाकडं, अर्धं जळकं लाकूड? तेही घरोघरी?"

भाऊ चहा सांगायला गेले ते आलेच नाहीत.

*

"फेरमोजणी झाल्याशिवाय मी सही करणार नाही," मी सरांना सांगितलं. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

सर हसले. "पुण्याच्या तपासनीस बाई सोमवारी येताहेत. त्यांच्यासमोर मोजा. घर तुम्हीच निवडा, फक्त नाव मला कळवा."

मी लासूर स्टेशनजवळचं माझं सासर निवडलं, तिथंही आमची चूल होती, आणि सरांना नाव कळवलं. सासूबाई म्हणजे एकादशीला चुकून घास खाल्ला, तरी गल्लीभर सांगत सुटणारी बाई!

*

सोमवारी अंगणात काटा टांगला. तपासनीस बाई म्हणाल्या, "मावशी, आजचं लाकूड आणता?"

सासूबाई आत गेल्या आणि मोळी घेऊन आल्या. लाल चिंधी, पांढरे ठिपके.

"मोज बिनधास," त्या माझ्या कानाशी कुजबुजल्या. "बरोबर चार किलो भरतंय. तुझी नोकरी जायची नाय."