डॉक्टरांपासून लपवलेली बाटली

"ओव्हरी का कैन्सर है," इंदूरच्या डॉक्टरबाई हिंदीत म्हणाल्या. ओव्हरी म्हणजे अंडाशय, हे आम्हाला समजावं म्हणून त्यांनी कागदावर चित्र काढलं. माझी बायको सुनंदा त्या चित्राकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "मॅडम, मशीन चला पाऊंगी ना मैं?"

शिलाई मशीन. बुऱ्हाणपुरात शनवारा भागातल्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत ती ब्लाउज शिवायची. मापांची वही तिने कधी ठेवली नाही. बाई एकदा येऊन गेली की खांदा, बाही, गळा सगळं हिच्या डोक्यात.

दोन महिने तिचं पोट फुगत होतं आणि मी गॅस समजून तिला ओवा देत बसलो. हे मुद्दाम लिहितो. तुमच्या घरात कुणाचं पोट असं फुगत राहिलं तर थांबू नका.

ऑपरेशन झालं. मग सहा केमो ठरल्या, दर तीन आठवड्यांनी एक. सकाळच्या बसने इंदूर, दिवसभर सलाईन, दुसऱ्या दिवशी परत. मी पॉवरलूमवर कामाला होतो, शेठने सुट्ट्या दिल्या.

तिसऱ्या केमोनंतर शाहपूरच्या एका बाईंच्या मुलीचा लग्नाचा ब्लाउज सुनंदाने भलत्याच मापाने कापला. बाई समजूतदार होत्या. सुनंदाने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "मला तिचा खांदाच आठवून नाही राहिला हो."

मग गॅसवर दूध विसरणं सुरू झालं. बोलता बोलता शब्द सापडेना. डॉक्टरबाईंनी सांगितलं, याला केमो ब्रेन म्हणतात. उपचारांमुळे डोक्यावर धुकं आल्यासारखं होतं; बऱ्याच जणांचं हळूहळू ओसरतं.

मला हळूहळू नको होतं. लूमवरच्या एकाने दुकान सांगितलं. तिथून मेंदूच्या ताकदीच्या कॅप्सूल आणल्या, वर एक जडीबुटीची पावडर. बाटलीवर पानांचं चित्र होतं. झाडपाल्याचं आहे, त्रास काय होणार, असं मी धरून चाललो. सकाळ-संध्याकाळ दुधाबरोबर मीच द्यायचो. तिने एकदाच विचारलं, "मॅडमना विचारलं का?" मी हो म्हटलं.

पाचव्या केमोआधी एलएफटी केली. लिव्हरचं काम कसं चाललंय ते सांगणारी ही रक्ताची तपासणी. आकडे फार वाढलेले आले. डॉक्टरबाईंनी विचारलं, "केमो के अलावा और कुछ ले रही हैं? कोई पावडर, टॉनिक?"

सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नहीं मॅडम, कुछ नहीं."

डॉक्टरबाईंनी केमो पुढे ढकलली. काविळीच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. तिच्या हातावर सुई टोचायला जागा उरली नव्हती. सोनोग्राफीच्या बाहेर बाकावर ती पोट धरून बसली होती, आणि हे सगळं माझ्या खोट्यामुळे चाललंय हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन आत गेलो. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, हे फार लागलं. त्यांनी सांगितलं की झाडपाल्याची औषधंही लिव्हरला बाधू शकतात, आणि काही तर केमोच्या औषधाचं काम बिघडवतात. मग सुनंदाच्या हातापायांना मुंग्या येतात हे ऐकून त्यांनी विटामिन बी-ट्वेल्व तपासलं. ते खरंच कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू केली. म्हणाल्या, "जो कम है वो हम जाँच के देंगे. अंदाज़े से नहीं."

कॅप्सूल बंद झाल्यावर आकडे खाली आले. तरी महिना वाया गेला. उरलेल्या केमो पूर्ण झाल्या, इंजेक्शनांनी हातापायांच्या मुंग्या कमी झाल्या. डोक्यावरचं धुकं थोडं विरळ झालं, गेलं नाही. वर्षभराने आजार परत आला. या वेळी पोटात पाणी झालं, आणि औषधं लागू पडली नाहीत.

मी डॉक्टरबाईंना एकटाच जाऊन विचारलं, त्या महिन्यामुळे हे झालं का. त्या म्हणाल्या, "शायद नहीं. ये कैन्सर बहुत बार लौटता है. पर पक्का मैं नहीं कह सकती." मी रोज त्यांचं पहिलं वाक्य धरून उठतो. दिवस उतरताना दुसरं आठवतं.

शेवटच्या दिवसांत, एका दुपारी, मी सुनंदाजवळ कबूल केलं की मॅडमना विचारलंच नव्हतं.

"माहीत होतं," ती म्हणाली.

"मग घेतल्या कशाला?"

"मी काही विसरले, की तुम्ही किती घाबरून जायचे. गोळी दिली की तुमचा चेहरा जरा बरा दिसायचा." थोडं पाणी पिऊन म्हणाली, "आता रडत नका बसू. दुसऱ्यांना सांगा."

ती गेल्यावर बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर तिची रक्षा तापीत सोडली.

आता कॅन्सर झालेल्यांच्या घरचे लोक मला विचारायला येतात, काकासाहेब, डोक्यासाठी काही चांगलं देता येईल का. मी त्यांना बसवतो, चहा देतो आणि सगळं सांगतो, मी खोटं बोललो तेही. मागच्या आठवड्यात एक सूनबाई सगळं ऐकून उठली आणि सासूच्या पिशवीतल्या तीन बाटल्या डॉक्टरांना दाखवायला घेऊन गेली.